चौथ्या वर्षाचा हिशेब

फेरेट घरी आणायचा की नाही, हे त्याच्या पहिल्या वर्षाकडे बघून ठरवू नये, चौथ्या वर्षाकडे बघून ठरवावं, असं माझं मत आहे. ते चंद्रपूरजवळच्या ऊर्जानगर या वीज केंद्राच्या वसाहतीत राहून झालेलं मत आहे, म्हणून त्यात इथला उन्हाळा आहे, पाळ्यांची नोकरी आहे, जंगल आहे आणि गुराढोरांचा दवाखानाही आहे. पहिलं वर्ष मोबाइलवर सगळ्यांनाच दिसतं: हातभर लांबीचं, अंगात हाडंच नसावीत असं वळणारं, उशीच्या खोळीत शिरून झोपणारं पिल्लू. चौथ्या वर्षाचे व्हिडिओ कुणी फारसे टाकत नाही. त्या वर्षाच्या आगेमागे दोन आजार डोकं वर काढतात. एक मूत्रपिंडाजवळच्या अधिवृक्क ग्रंथीचा, दुसरा स्वादुपिंडात होणाऱ्या, इन्शुलिन ओतत राहणाऱ्या गाठींचा, ज्याला इन्शुलिनोमा म्हणतात. कित्येकदा दोन्ही एकाच जनावराला एकाच वेळी असतात. फेरेट जगतो सहा-आठ वर्षं. म्हणजे हे शेवटच्या चार दिवसांचं दुखणं नव्हे, उरलेल्या निम्म्या आयुष्याची देखभाल आहे. युरोपातल्या पोलकॅट या रानटी प्राण्याला सशांच्या बिळात सोडण्यासाठी माणसानं दोनेक हजार वर्षांपूर्वी माणसाळवलं, त्याचा हा वंशज. दिसायला मुंगसाच्या अंगाचा, पण नातं मुंगसाशी नाही. आपल्याकडचं पाणमांजर आणि चांदी अस्वल हे त्याचे भाऊबंद.

अधिवृक्क ग्रंथीचा आजार कुत्र्यांनाही होतो. त्याला कुशिंग म्हणतात, आणि म्हाताऱ्या कुत्र्याची तहान वाढली, पोट सुटलं, धाप लागू लागली की पशुवैद्याला त्याचा संशय येतो. त्यात कॉर्टिसॉल वाढलेलं असतं. फेरेटमध्ये ग्रंथी तीच, पण गोष्ट निराळी. कॉर्टिसॉल बहुधा ठीकच असतं. वाढतात ती लैंगिक संप्रेरकं. शेपटीपासून केस जायला लागतात, मग दोन्ही कुशी सारख्याच उघड्या पडतात. नसबंदी झालेल्या मादीचं योनिमुख माजावर आल्यासारखं सुजतं. नराची प्रोस्टेट फुगते आणि लघवी तुंबते. तेव्हा उद्या बघू म्हणायला जागा नसते, त्याच दिवशी नळी घालून मूत्राशय मोकळं करावं लागतं. कुत्र्यांच्या कुशिंगसाठी केलेली कॉर्टिसॉलची तपासणी फेरेटवर केली तर ती बरेचदा 'सगळं ठीक' असं सांगते. इतर बाबतींत उत्तम असलेला डॉक्टरही इथे फसू शकतो, आणि तो दोष त्याचा नाही. त्याच्यापुढे हा प्राणीच आलेला नसतो.

या आजाराचं कारण बरंचसं माणसाच्या सोयीत आहे. मेंदूच्या तळाशी असलेली पिट्युइटरी ग्रंथी एक संप्रेरक सोडून अंडाशयाला किंवा वृषणाला कामाला लावते, आणि तिथून निघालेली संप्रेरकं उलट निरोप देतात की आता पुरे. नसबंदीनं हा उलट निरोपच तोडला जातो. आमच्या वीज केंद्रात टर्बाइनचा वेग गव्हर्नरला कळेनासा झाला तर तो वाफेची झडप उघडतच राहील, तसं पिट्युइटरीचं होतं. तिचं संप्रेरक वर्षानुवर्षं चढं राहतं, आणि ते ऐकू शकणाऱ्या पेशी अधिवृक्क ग्रंथीतही असल्यामुळे तिथे आधी वाढ आणि मग गाठ होते. अमेरिकेत दुकानात येणारी पिल्लं बहुतेक पाच-सहा आठवड्यांची असतानाच नसबंदी करून आलेली असतात. नेदरलँड्समधल्या उट्रेख्त विद्यापीठाच्या संशोधकांनी 2000 साली नसबंदीचं वय आणि आजार सुरू होण्याचं वय यांचा थेट संबंध दाखवला. दोन्हींमधलं अंतर साधारण साडेतीन वर्षांचं निघालं. मी चौथं वर्ष म्हणतो ते यावरून.

यावर पहिला आक्षेप सरळ आहे: मग नसबंदी करूच नका. पण मादी फेरेट एकदा माजावर आली की नराशी संग होईपर्यंत माज उतरत नाही, आणि इतके दिवस चढं राहिलेलं इस्ट्रोजेन हाडातला मगज दाबून टाकतं. रक्त बनणं थांबतं आणि मादी मरू शकते. म्हणजे नसबंदी करावी तर एक आजार, न करावी तर दुसरा. यातून वाट काढली ती डेस्लोरेलिन या औषधाच्या कातडीखाली बसवायच्या तांदळाएवढ्या कांडीनं. ती सुरुवातीला पिट्युइटरीला डिवचते आणि मग थकवून गप्प करते. परिणाम वर्ष-दीड वर्ष टिकतो. अमेरिकेच्या औषध प्रशासनानं 2012 मध्ये फेरेटच्या अधिवृक्क आजारासाठी तिला वाट मोकळी केली, आणि युरोपात नसबंदीऐवजीही ती वापरतात. केस परत येतात, सूज उतरते, स्वभाव निवळतो. मात्र गाठ विरघळेल अशी खात्री नसते. शस्त्रक्रिया हा दुसरा मार्ग, पण उजवी ग्रंथी मोठ्या शिरेला चिकटलेली असते आणि रुग्णाचं वजन एक किलोच्या आसपास. कांडी लागणार, ती पुन्हापुन्हा लागणार, आणि ती चंद्रपुरात कुणाच्या फ्रिजमध्ये तयार ठेवलेली असेल असं धरून मी चालणार नाही.

नसबंदीशिवाय दुसरं संशयित कारण म्हणजे उजेड, आणि तो मुद्दा ऊर्जानगरात विशेष लागू आहे. फेरेटची सगळी लैंगिक घडी दिवसाच्या लांबीवर चालते: दिवस मोठा झाला की माज, रात्र मोठी झाली की विश्रांती. घरात रात्री अकरापर्यंत ट्यूबलाइट म्हणजे त्याच्यासाठी बारमाही उन्हाळा, आणि त्यानं पिट्युइटरी आणखी चेतते असा अभ्यासकांचा तर्क आहे. 2920 मेगावॉटच्या केंद्राला चिकटलेल्या वसाहतीत खरा काळोख मिळणं कठीण. रस्त्यावरचे दिवे, केंद्राचा झगमगाट, आणि घरातला माणूस दुसऱ्या पाळीवरून परतला की स्वयंपाकघरात पुन्हा उजेड. पिंजऱ्यावर संध्याकाळपासून जाड काळं कापड टाकणं हा उपाय फुकट आहे आणि आजार होण्याआधीच सुरू करायचा आहे. कापडाखाली हवा खेळती राहिली पाहिजे, एवढंच.

इन्शुलिनोमाची देखभाल मात्र पाळ्यांची सवय असलेल्या घराला जमण्यासारखी आहे, हे कबूल करायला हवं. यात रक्तातली साखर वेळीअवेळी कोसळते. जनावर मधेच थांबून शून्यात बघतं, लाळ गाळतं, पुढच्या पंजांनी तोंड ओरबाडतं, मागचे पाय लटपटतात. पुढची पायरी म्हणजे झटके. नेहमी 90 ते 120 मिलिग्रॅमच्या दरम्यान असणारी साखर तीन-चार तासांच्या उपाशीपणानंतर 60 च्या खाली गेली तर संशय पक्का होतो. घरातल्या मधुमेह्याच्या यंत्रावर ती मोजता येते, पण ती यंत्रं फेरेटच्या रक्तात आकडा अनेकदा खरा असतो त्याहून खाली दाखवतात, म्हणून निदान प्रयोगशाळेच्याच आकड्यावर करावं. इलाज म्हणजे दर चार तासांनी मांसाचं खाणं, रात्रीही, आणि दिवसातून दोनदा प्रेडनिसोलोन. ही गोळी कुठल्याही मेडिकलमध्ये मिळते. तिचा डोस इवल्याशा वजनाला कसा बसवायचा हे मात्र डॉक्टरनंच सांगायचं. ती पुरेनाशी झाली की डायझॉक्साइड लागतं, आणि ते गल्लीतल्या मेडिकलचं औषध नव्हे. शस्त्रक्रियेनं काळ वाढतो, पण स्वादुपिंडात बारीक गाठी राहून जातात आणि आजार परततो. दोन्ही आजार असतील तर दोन्ही इलाज वेगळे चालवावे लागतात: प्रेडनिसोलोननं लैंगिक संप्रेरकं उतरत नाहीत आणि कांडीनं साखर चढत नाही.

आपल्याकडची सगळ्यात मोठी अडचण औषधाची नाही, ताटातल्या प्रेमाची आहे. पाळलेल्या जिवाला दूध-पोळी, बिस्कीट, टोस्ट, केळ्याचा तुकडा दिल्याशिवाय आपलं मन भरत नाही. फेरेट निव्वळ मांसाहारी आहे. अन्न तीन-चार तासांत त्याच्या आतड्यातून पार होतं, आणि पिठूळ-गोड खाणं पचवायची त्याची तयारी नसते. गाठी असलेल्या जनावराला गोड दिलं की साखर चढते, गाठी खवळून इन्शुलिन ओततात आणि तासाभरात साखर आधीपेक्षा खाली जाते. घरच्यांना वाटतं, बिस्किटानं तरतरी आली होती, आणखी एक द्यावं. मध हिरड्यांना चोळायचा तो फक्त जनावर कोसळलं असताना, बोट दातांत न देता, आणि ते सावरलं की लगेच मांस. त्यानंतर दवाखाना. हे नियम घरातल्या आजीपासून शाळकरी पोरापर्यंत सगळ्यांनी पाळायचे असतात. एकानं लाडानं मोडले की बाकीच्यांची मेहनत वाया. वेळ, खाणं, गोळी, लक्षण अशी वही ठेवावी. गडचिरोलीत 'सर्च' या संस्थेनं 1990 च्या दशकात गावातल्या बायकांना नवजात बाळांचे श्वास मोजायला, वजन घ्यायला, टिपून ठेवायला शिकवलं आणि बालमृत्यू उतरवून दाखवले. तुलना जिवांची करत नाही, पद्धतीची करतो. आजार आधी घरातल्या, लक्ष देऊन बघणाऱ्या माणसालाच दिसतो हे आपल्या शेजारच्याच जिल्ह्यानं दाखवलेलं आहे.

मग अडतं कुठे? पहिलं उन्हात. चंद्रपूरचा पारा मे महिन्यात 47 च्या पुढे जाण्याची वर्षं आपण पाहिली आहेत. फेरेटला घामाचा उपयोग जवळजवळ नाही आणि 30-32 अंशांवर त्याला उष्माघात होऊ शकतो. एसी लावू, हे उत्तर मला मान्य आहे, पण अर्धंच. मे महिन्यात वीज ऊर्जानगरातही जाते, आणि एसी बंद पडल्यावर क्वार्टरची भिंत तासाभरात हातानं कळेल इतकी तापते. कूलरवर भिस्त ठेवणाऱ्यांनी जुलै आठवावा. हवेत ओल आली की कूलर गारवा देत नाही, नुसता दमटपणा देतो. निरोगी फेरेट बर्फाच्या बाटलीला टेकून एखादी दुपार काढेल. ज्याची साखर आधीच तोळामासा आहे, तो उन्हानं खाणं सोडलं की झटक्यांच्या वाटेला लागतो.

दुसरं अडतं ते डॉक्टरपाशी. यावर लोक म्हणतात, विदर्भात हस्की पाळतातच ना? पाळतात, आणि ती क्रूर हौस आहे असंच मी म्हणेन. पण हस्की हे शेवटी कुत्रं आहे. त्याचं रक्त कसं काढायचं, भूल किती द्यायची, लस कुठली, हे इथल्या डॉक्टरला येतं. आपल्या जिल्ह्यातली पशुवैद्यकीय सेवा उभी राहिली ती घटसर्प, फऱ्या, लाळ्या-खुरकुतासाठी, बैल आणि शेळीसाठी, आणि तसंच असायला हवं. लहान जनावरांच्या अवघड कामासाठी नागपूर गाठावं लागतं, दीडशे किलोमीटर, आणि वाटेत चार तासांच्या खाण्याची एक वेळ येतेच. याहून टोकदार आक्षेप असा की, या भागात माणसांना सोनोग्राफीसाठी मैलोगणती जावं लागत असताना फेरेटच्या ग्रंथीची चर्चा कसली? पैशापुरता मला तो पटत नाही. कुणाच्या फेरेटवरचा खर्च वाचून भामरागडला यंत्र जाणार नाही. वेळेपुरता पटतो. पशुवैद्य थोडे आहेत, आणि हौसेच्या प्राण्यानं त्यांची दुपार अडवणं म्हणजे कुणाची तरी गाय ताटकळणं. हा मुद्दा माझ्याच बाजूचा आहे: आजारी प्राण्याला दवाखान्यात नेऊ नये असं त्यातून निघत नाही, असा प्राणी आणू नये असं निघतं.

जंगलाबद्दल थोडक्यात. न्यूझीलंडनं सशांवर उतारा म्हणून एकोणिसाव्या शतकात फेरेट सोडले, ते किवी पक्ष्यांवर उलटले, आणि 2002 मध्ये त्यांची विक्री आणि पैदास बंद करावी लागली. ताडोब्याच्या वेशीवर सुटलेला फेरेट असं राज्य करेल असं मला वाटत नाही. तो आधी उन्हानं किंवा कुत्र्यांनी मरेल. धोका उलट दिशेनं मोठा आहे. कुत्र्यांचा डिस्टेंपर फेरेटला झाला तर तो जवळजवळ वाचतच नाही. अमेरिकेतल्या काळ्या पायांच्या रानटी फेरेटची उरलीसुरली वसाहत 1985 मध्ये याच रोगानं बसली, आणि शेवटी 18 जीव धरून जात वाचवावी लागली. आमच्या वसाहतीत मोकाट कुत्री भरपूर. त्यांचा रोग चपलेबरोबर घरात येऊ शकतो. कुत्र्यांसाठी बनवलेल्या काही जिवंत लसी फेरेटला रोगच देऊ शकतात, आणि प्रेडनिसोलोन चालू असलेल्या जनावराला लस द्यायची की नाही हा तर आणखीच नाजूक प्रश्न.

पण ज्याच्या घरी फेरेट आधीच आहे, त्याला माझ्या युक्तिवादाचा उपयोग नाही. त्याला आजच्या रात्रीची सोय हवी आहे. त्यानं नसबंदी कोणत्या वयात झाली हे विक्रेत्याकडून लिहून घ्यावं, तीन वर्षांनंतर दर सहा महिन्यांनी एकदा साखर तपासावी, आणि नागपूरच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयात किंवा तिथल्या खासगी डॉक्टरांमध्ये फेरेट बघणारं कुणी आहे का याची चौकशी आजार नसतानाच करून ठेवावी. स्थानिक डॉक्टरला आधी भेटून माहिती द्यावी. बहुतेक डॉक्टरांना शिकायला आवडतं, फक्त झटके आलेलं जनावर टेबलावर ठेवून शिकायला आवडत नाही. आणि गोळी वाढवूनही झटके थांबेनात, मांस समोर धरलं तरी मान फिरवली जाते, अशी वेळ आली की शांत मरण देण्याबद्दल त्याच डॉक्टरशी बोलावं. ते काम त्याला येतं. त्यासाठी आजारी जनावराला मे महिन्याच्या दुपारी नागपूरच्या रस्त्यावर काढायची गरज नाही.