काचीगुड्यास मांडलेला घराचा हिशेब

काचीगुड्याचे रेल्वेस्थानक सन १९१६ मध्ये, निजामाच्या राजवटीत बांधले गेले. घुमटांनी आणि मनोऱ्यांनी नटलेली ती इमारत पहाटेच्या अंधुक उजेडात पाहिली, की खेड्यातून आलेल्या माणसास आपण आगगाडीतून उतरलो की राजवाड्याच्या दारी आलो, असा क्षणभर संभ्रम पडतो. गेल्या दिवाळीनंतर आम्ही तेथे उतरलो, तेव्हा आमच्यासोबत आमच्या गावचे एक वृद्ध शेतकरी होते. सारे गाव त्यांना आबा म्हणते. आम्हीही तेच म्हणू.

मराठी माणसास काचीगुडा परका नाही. सन १९५६ पर्यंत मराठवाड्याचे पाचही जिल्हे हैदराबाद राज्यात होते. कचेरी, शिक्षण, औषधपाणी, व्यापार या साऱ्यांसाठी आपल्या लोकांची वाट हैदराबादेकडेच जाई आणि मनमाडहून निघणारा लोहमार्ग त्यांना येथे आणून सोडी. कित्येक कुटुंबे कायमची राहिली. आबांची धाकटी लेकही लग्न होऊन येथेच नांदते. तिच्या घरी आमचा मुक्काम होता. परंतु आमचे येणे पाहुणचारासाठी नव्हते. आबांना एक लाकडी घर बांधावयाचे होते आणि त्यासाठी लागणाऱ्या सागाचा भाव काढावयाचा होता. भाव जमला, तर दोन एकर रान विकण्याचे त्यांनी मनाशी ठरविलेही होते. थोरला मुलगा त्यास राजी नव्हता. बापलेकांत अबोला पडला, तेव्हा 'फादर, तुम्हीच चला नि काय ते बघा,' असे म्हणून दोघांनीही तो भार आमच्यावर टाकला.

ह्या हट्टामागची हकीकत वाचकांस सांगितली पाहिजे. ३० सप्टेंबर १९९३ रोजी पहाटे चारच्या सुमारास किल्लारीचा भूकंप झाला आणि लातूर-उस्मानाबादकडील सुमारे आठ हजार माणसे मृत्युमुखी पडली. आपल्याकडचे जुने घर म्हणजे माळवदाचे. मातीत रचलेल्या जाड दगडी भिंती आणि वर तुळया, फळ्या व त्यांवर मातीचा थर. हा थर एक फूट जाड धरला, तरी शंभर चौरस फुटांच्या खोलीवर सुमारे साडेचार टन ओझे होते. उन्हाळ्यात त्या मातीनेच घर थंड राहते. त्या पहाटे तिनेच माणसे गाडली. आबांच्या घराच्या दोन भिंती ढासळल्या. माणसे वाचली. मात्र त्यांच्या पत्नीने त्यानंतर माळवदाखाली कधीही पाठ टेकली नाही. पत्र्याच्या छपरात उन्हापावसात दिवस काढून, चार वर्षांमागे ती माउली तेथेच वारली. 'तुला हलके, लाकडाचे घर बांधून देतो,' हा आबांचा शब्द तसाच राहून गेला.

घराचा नमुनाही त्यांच्या डोळ्यांपुढे होता. तरुणपणी सैन्यात असताना त्यांनी आसामात मिशिंग लोकांची चांगघरे पाहिली होती. जमिनीपासून पुरुषभर उंच खांबांवर बांबूची व लाकडाची बैठक, वर गवताचे छप्पर. खालून पुराचे पाणी निघून जावे आणि वर चूल पेटलेली राहावी, अशी ती रचना. १२ जून १८९७ च्या मोठ्या भूकंपानंतर त्या प्रांतात दगडविटांची जड बांधणी मागे पडली आणि हलक्या लाकडी चौकटीच्या घरांची रीत रुजली. आबांनी हे सर्व मनात जपून ठेवले होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही एका वखारीत गेलो. गोल लाकडाचा घेर मोजावयाचा, त्याचा चौथा भाग घेऊन त्यास त्यानेच गुणावयाचे व मग लांबीने गुणावयाचे, ही मोजणीची जुनी रीत. चार फूट घेराचा व दहा फूट लांबीचा ओंडका ह्या हिशेबाने दहा घनफूट भरतो. प्रत्यक्षात त्यात पावणेतेरा घनफुटांच्या आसपास लाकूड असते. परंतु साल, बाक व चिराई यांत जाणारी घट ह्या रीतीने आधीच थोडीफार वजा होते. आबा कान देऊन ऐकत होते.

तेथील एका वृद्ध मिस्त्रींनी फळीच्या तुकड्यावर खडूने आबांचे घर मांडले. वीस फूट लांब, पंधरा फूट रुंद, तीन खणांचे. सहा इंची चौरस व बारा फूट उंच असे बारा खांब, ते छत्तीस घनफूट. खालच्या व वरच्या तुळया चाळीस. बैठकीच्या कड्या अठरा, तिच्या फळ्या पंचवीस. भिंतींच्या फळ्या पस्तीस. छपराचे आढे व वासे चोवीस, दारे-खिडक्या बारा. एकूण १९० घनफूट. सागाचा दर प्रतीप्रमाणे व दिवसाप्रमाणे बदलतो. हिशेबापुरता घनफुटास ३,००० रुपये धरला, तर नुसत्या लाकडाचे ५,७०,००० रुपये झाले. तीन सुतार साठ दिवस राबले आणि रोज १,००० रुपये धरला, तर मजुरी १,८०,०००. साडेसात लाखांचा आकडा झाला. त्यात कौले, लोखंड, गाडीभाडे, लाकडाच्या वाहतुकीच्या परवान्याची यातायात हे काहीच नव्हते.

आबा बराच वेळ खडूच्या आकड्यांकडे पाहत राहिले. मग म्हणाले, 'आसामात तर गरिबाचीही घरे अशीच होती, फादर. मग माझ्यानेच का होईना?'

ह्या प्रश्नाचे उत्तर आम्हांस तेथेच सुचले असे नाही. सायंकाळी आम्ही मुसीकाठी उस्मानिया रुग्णालयाच्या आवारात गेलो. २८ सप्टेंबर १९०८ रोजी ह्या नदीस आलेल्या महापुराने हजारो माणसे बळी घेतली. पुढे शहराच्या रक्षणासाठी सन १९२० मध्ये उस्मानसागर व १९२७ मध्ये हिमायतसागर हे जलाशय पूर्ण झाले. त्या आवारात एक जुनी चिंच आहे. पुराच्या वेळी तिच्या फांद्यांवर चढून सुमारे दीडशे माणसे वाचली, असे तेथे सांगतात. आबांनी चिंचेच्या खोडावर हात ठेवला आणि स्वतःशीच बोलावे तसे म्हणाले, 'ह्या लोकांनी झाड विकत आणले नव्हते. जवळ होते, म्हणून कामी आले.'

आमच्या मते घरबांधणीचे सारे शास्त्र ह्या एका वाक्यात आले. आसामातील घर स्वस्त, कारण बांबू परसात, लाकूड जवळच्या रानात आणि हात शेजाऱ्यांचे. तेथे त्या घराची किंमत श्रमात मोजली जाते, रोकड्यात नव्हे. तेच घर आपल्या उघड्या माळावर आणले, की त्याची प्रत्येक फळी विकत घ्यावी लागते. आणि साग पक्व होण्यास तर पन्नास-साठ वर्षे लागतात. परंपरा स्वस्त असते ती आपल्या मातीत.

दुसऱ्या दिवशी आम्ही पुन्हा वखारीत गेलो. मिस्त्रींनी आबांना एवढेच विचारले, 'घरी जुने लाकूड आहे का?' होते. पडक्या घराच्या खणाचे आठ खांब आणि सहा तुळया छपराखाली रचून ठेवल्या होत्या. भूकंपात भिंती ढासळल्या, तरी अनेक घरांतील लाकडी खण उभेच राहिले होते, हे वाचकांपैकी काहींनी डोळ्यांनी पाहिले असेल. मिस्त्री म्हणाले, 'मग त्याच खांबांनी तुम्हांला एकदा वाचविले आहे. त्यांना का टाकता?'

खडूने नवा हिशेब मांडला गेला. घर बारा फूट रुंद. उंची लाकडी खांबांनी न घेता तीन फुटी जोत्याने घ्यावयाची. त्यास पडक्या भिंतीचाच दगड. खांब मातीत न पुरता दगडी तळखड्यावर, म्हणजे ओल व वाळवी दूर राहील आणि आठ फुटी जुने खांब पुरतील. भिंती पातळ विटांच्या, त्यांना चहूबाजूंनी सिमेंट-सळईचा पट्टा आणि वर मातीऐवजी हलके छप्पर. चार तुळया जागच्या जागी, उरलेल्या दोन चिरून वासे. नवे लाकूड लागणार अवघे ३२ घनफूट, म्हणजे ९६,००० रुपयांचे. जुन्या लाकडातील खिळे काढून, टोच्याने पोखर तपासूनच ते वापरावे, असेही मिस्त्रींनी बजावले. आपला माल कमी खपेल ह्याची खंत त्यांच्या चेहऱ्यावर दिसली नाही.

बुरूज बांधू पाहणाऱ्याने आधी बसून खर्चाचा अंदाज घ्यावा, हा शुभवर्तमानातील दाखला आम्ही वेदीवरून अनेकदा सांगितला आहे. तो केवळ पैशाचा हिशेब नव्हे, हे आम्हांस काचीगुड्यास उमगले. आबांच्या वहीत एका बाजूस दिलेला शब्द होता आणि दुसऱ्या बाजूस नातवंडांचे रान. दोन्हीही खरे होते.

परतीच्या गाडीत आबांनी मुलास फोन लावला. 'रान विकत नाही. तुळयांवरचा पत्रा जरा सारखा कर, भिजतील,' एवढेच ते बोलले. पलीकडून काय उत्तर आले ते आम्हांस ऐकू आले नाही. परंतु तो फोन बराच वेळ चालला.

जोत्याचे काम आता सुरू झाले आहे. पडक्या घरात जो खांब त्या माउलीच्या चुलीपाशी होता, तो नव्या घरातही चुलीपाशीच उभा करावयाचा, असे बापलेकांनी मिळून ठरविले आहे.