हवाल्यांची मोजदाद

डॉक्टरचं संशोधन किती मोठं, हे हल्ली एच-इंडेक्स ठरवतो. दहा इंडेक्स म्हणजे असे दहा शोधनिबंध, ज्यांचा प्रत्येकी किमान दहादा हवाला दिला गेला.

कोलकात्याच्या शंभूनाथ डे यांनी जंतू गाळून काढलेल्या द्रवानेही सशाच्या आतड्यात पाणी साठतं हे दाखवलं. कॉलऱ्याचं विष सापडलं! १९५९ साली 'नेचर'मध्ये छापून आलं, पण कित्येक वर्षं फारशी दखलच नाही. हवाल्यांची सूची सुरू करणाऱ्या यूजीन गारफिल्ड यांनी डेंवर लिहिलं ते १९८६ साली. डे आदल्या वर्षीच वारले होते.

माझी भाची मेडिकल कॉलेजात शिकवते. एकाच अभ्यासाचे तीन निबंध पाड, असा वरिष्ठांचा सल्ला. "मामू, बढतीला आकडा लागतो," म्हणते. तिचंही खोटं नाही. तरी मी म्हटलं, तुकडे करू नकोस. रागावली. निबंध अजून अख्खाच आहे.