नळदुर्गच्या वाटेवर

मैत्रिणींनो, तुळजापूरला तुम्ही गेला असालच. आई भवानीची ओटी भरायची, कुंकवाचा पुडा न् कवड्यांची माळ घ्यायची आणि मिळेल त्या गाडीनं परत फिरायचं, ही आपली रीत. पण या वेळी एक दिवस जादा काढा आणि तिथून नळदुर्ग, पुढं उमरगा असा धाराशिव जिल्हा एसटीनं पाहून या. मार्च २०२३ पासून आपल्याला एसटीत अर्धंच तिकीट आहे, तेव्हा खर्चाची सबब चालायची नाही!

नळदुर्गचा किल्ला सावकाश पाहा. बोरी नदीवर बंधारा घालून त्याच्या पोटात पाणीमहाल बांधलाय. दुसऱ्या इब्राहिम आदिलशहाच्या काळातलं, सतराव्या शतकाच्या सुरुवातीचं हे काम. पावसाळ्यात बंधाऱ्यावरून ‘नर’ आणि ‘मादी’ असे दोन धबधबे कोसळतात आणि आपण मात्र आत कोरडेच!

किल्ला पाहून बाजारात आलात, की आणखी एक गोष्ट पाहा. झेरॉक्सच्या दुकानाशेजारी सेवा केंद्र असतं. तिथं बायका पिशवीत कागद घेऊन बसलेल्या असतात. कुणाला सातबारा हवा, कुणाला उत्पन्नाचा दाखला, कुणाला लेकीचा प्रवेश अर्ज भरायचाय. यांच्या घरी नेट नाही. घरातला एकुलता मोठा फोन मालकांबरोबर शेतावर, नाहीतर मुलाबरोबर पुण्याला. तुम्ही म्हणाल, मग काय झालं, केंद्र आहे की! आहे खरं. पण सप्टेंबर २०२५ मध्ये लाडक्या बहिणीची केवायसी सुरू झाली, तेव्हा आधारला जोडलेल्या नंबरावर ओटीपी येऊ लागला. आधी बाईचा, मग नवऱ्याचा किंवा वडिलांचा. हा आकडा दहा मिनिटांत शिळा होतो. नंबर मुलाचा दिलेला असला आणि तो कारखान्यात पाळीवर असला, तर आई इथं ताटकळत बसते. महिन्याचे दीड हजार रुपये तिच्या नावाचे, पण किल्ली दुसऱ्याच्या खिशात.

म्हणून पहिली गोष्ट लक्षात ठेवा. ओटीपीला नेट लागत नाही. साध्या बटणाच्या फोनवरही तो येतो. तेव्हा आधारला आणि बँकेला नंबर आपला स्वतःचाच हवा. बदलायचा असेल तर आधार केंद्रावर जावं. २०२१ पासून पोस्टमनमार्फतही हे काम होतं. तोच पोस्टमन बोटाचा ठसा घेऊन, आधारशी जोडलेल्या कुठल्याही बँकेच्या खात्यातले पैसे दारात आणून देतो. खात्यात शिल्लक किती, हे बँकेत दिलेल्या नंबरावरून *९९# फिरवलं की साध्या फोनवरही कळतं.

दुसरी गोष्ट म्हणजे दुधाच्या हिशेबासारखी कागदांची एक वही करा. कुठला अर्ज, कुठल्या तारखेला, अर्ज क्रमांक काय, पैसे किती दिले, सगळं लिहून पावती तिथंच चिकटवा. बँकेचा पिन मात्र वहीत लिहू नये आणि केंद्रवाल्यालाही सांगू नये, तो कितीही ओळखीचा असो.

तिसरी गोष्ट, झेरॉक्सचा एक संच माहेरी किंवा नणंदेकडे, दुसऱ्या गावी ठेवा. सप्टेंबर २०२५ च्या पुरात परंडा-भूमकडं घरांत पाणी शिरलं. अशा वेळी घरातला कागद हाती लागेलच असं नाही.

आता मुलांचा अभ्यास. २०२० मध्ये शाळा बंद पडल्या, तेव्हा नेट नसलेल्या घरांसाठी सह्याद्री वाहिनीवर ‘टिलीमिली’ ही मालिका जुलैपासून लागायची. पहिली ते आठवीचा अभ्यास साध्या टीव्हीवर! आणि उमरगा तालुक्यातल्या जकेकूरवाडीनं तर २०२२ मध्ये उलटंच केलं. मुलांचा अभ्यास व्हावा म्हणून रोज संध्याकाळी दोन तास फोन न् टीव्ही बंद ठेवायचं गावानं मिळून ठरवलं. नेट असलेल्या घरानंही घेण्यासारखी ही गोष्ट आहे. फक्त, बंद करणं आपल्या हातात असणं वेगळं आणि मुळात घरी नसणंच वेगळं, एवढं विसरू नका.

तुमच्या घरी नेट असेल. पण धुण्याभांड्याला येणाऱ्या मावशींकडे असेलच असं नाही. प्रवासाहून आलात, की प्रसादाबरोबर त्यांना एक प्रश्न जरूर विचारा: “मावशी, तुमच्या आधारला नंबर कुणाचा हो?”