यंत्र नवं, गुणाकार तोच

पुण्यात 1991 साली सी-डॅकनं ‘परम 8000’ उभा केला, तेव्हा त्याच्या पोटात इनमॉस या ब्रिटिश कंपनीचे ट्रान्सप्युटर होते. त्यानंतरच्या परममध्ये इंटेलची आय860 चिप आली, मग सनच्या स्पार्क चिपा आल्या. ‘परम पद्म’मध्ये आयबीएमची पॉवर4, ‘युवा’मध्ये इंटेलचे झिऑन, ‘युवा-2’मध्ये झिऑनच्या मदतीला झिऑन फाय आणि 2020च्या ‘परम सिद्धी-एआय’मध्ये एएमडीचे प्रोसेसर आणि एनव्हिडियाचे ए100 जीपीयू. नाव परमच, आतला ऐवज दर वेळी निराळा. यातले ट्रान्सप्युटर, आय860 आणि झिऑन फाय तर आता बनतही नाहीत.

प्रोग्राम मात्र चिवट असतात. हवामानाचं किंवा रेणूंच्या हालचालीचं गणित करणारा एखादा फोरट्रान प्रोग्राम कुण्या संशोधकानं सुरू केलेला असतो, त्याचे विद्यार्थी तो पुढे नेतात, त्यांचे विद्यार्थी त्यात आणखी भर घालतात. महासंगणक पाच-सात वर्षांत निवृत्त होतो, प्रोग्राम होत नाही. मग प्रत्येक नव्या यंत्रावर तो नुसता चालून भागत नाही, जोरात चालावा लागतो. नाहीतर एवढे कोटी खर्चून यंत्र आणलं कशाला, हा प्रश्न येतोच.

अमेरिकेत लॉस अलामॉसच्या प्रयोगशाळेत 2008 साली ‘रोडरनर’ बसला. सेकंदाला एक पेटाफ्लॉप, म्हणजे दशांश चिन्हाच्या आकड्यांची एकावर पंधरा शून्यं इतकी गणितं करणारा हा जगातला पहिला महासंगणक. प्लेस्टेशन 3 या खेळाच्या यंत्रात जी सेल चिप होती, तिचीच सुधारलेली आवृत्ती यात वापरली होती. या चिपमधल्या प्रत्येक छोट्या गणकाला स्वतःची 256 किलोबाइट मेमरी असायची आणि तिच्यात माहिती कधी आणायची, कधी बाहेर काढायची, हे प्रोग्राम लिहिणाऱ्यानं हातानं सांगायचं. लोकांनी ते केलं, महिनोन्‌महिने खपून केलं. 2013 साली रोडरनर बंद झाला आणि सेल चिपेसाठी खास शिकलेल्या त्या खुबींना गिऱ्हाईक उरलं नाही.

या दुखण्यावरचा पहिला उतारा फार जुना आहे. 1979 साली लॉसन, हॅन्सन, किंकेड आणि क्रोग या चौघांनी ‘ब्लास’ नावाची एक यादी प्रसिद्ध केली: सदिशांची बेरीज, त्यांचा गुणाकार, लांबी, अशा नेहमी लागणाऱ्या कामांची नावं आणि त्यांना कशी हाक मारायची याचे नियम. मॅट्रिक्सच्या गुणाकाराचा नंबर 1990 साली लागला. शास्त्रज्ञानं फक्त नाव घेऊन हाक मारायची. त्या नावामागचं काम त्या-त्या यंत्रावर झपाट्यानं कसं करायचं, हे दुसऱ्या कुणी बघायचं. हा ‘दुसरा कुणी’ सगळ्या गोष्टीतला अवघड माणूस. ब्लासनं यंत्राची कटकट नाहीशी केली नाही, ती एका जागी गोळा केली. त्या जागी कुणीतरी कायम बसून राहावं लागतं.

कटकट म्हणजे नेमकी काय? हजार बाय हजारच्या दोन मॅट्रिक्सचा गुणाकार म्हणजे एक अब्ज गुणाकार आणि जवळपास तितक्याच बेरजा. कॉलेजात शिकवतात तशी तीन लूप एकात एक घालून हे लिहिता येतं, उत्तरही बरोबर येतं. पण चिपची ताकद त्यातून फार थोडी वापरली जाते, कारण गणक बहुतेक वेळ मेमरीतून आकडे येण्याची वाट बघत बसतो. फोडणी टाकताना कुणी दर चिमटीला कोठीच्या खोलीत जात नाही. आधीच मिसळणाचा डबा भरून हाताशी ठेवतात. इथंही तसंच करायचं. मोठ्या मॅट्रिक्सचा एक तुकडा उचलायचा, ज्या क्रमानं आकडे लागणार त्याच क्रमानं तो जवळच्या कॅश मेमरीत मांडायचा आणि मग गणकाला एका दमात चालू द्यायचं. तुकडा केवढा, मांडणी कशी आणि एका वेळी किती आकडे रजिस्टरमध्ये धरायचे, याचं उत्तर प्रत्येक चिपेला वेगळं.

हे उत्तर हातानं शोधण्यात काझुशिगे गोतो या जपानी गृहस्थांचा हात धरणारं कुणी नव्हतं. ते जपानच्या पेटंट कार्यालयात नोकरीला होते. 2002 साली तिथून रजा घेऊन त्यांनी टेक्सस विद्यापीठात ‘गोतोब्लास’ लिहिली. सुरुवात पेंटियम 4 पासून झाली आणि त्या चिपांवर बांधलेला एक महासंगणक दीड टेराफ्लॉपवरून थेट दोनवर गेला. एका तारेलाही हात न लावता. बाकीचे लोक सगळ्यात जवळच्या छोट्या कॅशमध्ये काय मावेल याचा हिशेब करत असताना गोतोंनी मेमरीचे पत्ते लक्षात ठेवणाऱ्या टीएलबी नावाच्या तक्त्याकडे बोट दाखवलं: तुकडा कॅशमध्ये मावला तरी त्याचे पत्ते तक्त्यात मावले नाहीत, तर वेग तिथंच सांडतो. असेंब्ली भाषेत, एकेक सूचना मागेपुढे सरकवत त्यांनी हे जुळवलं. पुढे रॉबर्ट व्हॅन दे खाइन यांच्याबरोबर 2008 साली त्यांनी ही रीत लेखात मांडली. या क्षेत्रात शिरणाऱ्याला आजही आधी तोच लेख वाचायला देतात.

पण एका माणसाच्या बोटांत असलेली कला त्या माणसाबरोबर थांबते. गोतोब्लासची दुसरी आवृत्ती, 1.13 क्रमांकाची, बीएसडी परवान्याखाली खुली झाली आणि गोतो त्यातून बाजूला झाले. लगेच पुढे, 2011च्या सुरुवातीला, इंटेलची सँडी ब्रिज चिप बाजारात आली आणि तिच्यात एव्हीएक्स नावाच्या नव्या रुंद सूचना होत्या. गोतोब्लासला त्या ठाऊक नव्हत्या. त्याच वर्षी चीनमधल्या झांग शियेनयी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्या खुल्या कोडवरून ‘ओपनब्लास’ सुरू केली. परवाना खुला नसता, तर जगातला हा सगळ्यात वेगवान गुणाकार नव्या चिपांसमोर दोन-तीन वर्षांत शिळा झाला असता. गोतोंच्या हातचं असेंब्ली जितकं मोलाचं, तितकाच मोलाचा परवान्याचा तो कागद.

ओपनब्लासचं कोड उघडून पाहिलं, की वेगवेगळ्या चिपांच्या नावांचे कप्पे दिसतात: इंटेल-एएमडी, आर्म, पॉवर, आयबीएमचे मेनफ्रेम, चीनची लूंगआर्च, आता आरआयएससी-व्ही. इंटेलच्या हॅसवेल चिपेसाठी मॅट्रिक्सच्या गुणाकाराचा गाभा ‘चार बाय आठ’चा आहे, म्हणजे उत्तराचे बत्तीस आकडे रजिस्टरमध्येच धरून ठेवायचे आणि बेरजा संपेपर्यंत खाली ठेवायचे नाहीत. एएमडीच्या झेन चिपांसाठीही बराच काळ हाच हॅसवेलचा गाभा वापरात आहे, कारण तो तिथंही चांगला चालतो. चालतंय तिथं पुन्हा लिहायला न बसणं, हीसुद्धा कारागिरीच.

एकच फाइल सगळ्या संगणकांवर द्यायची असेल, तर यातले अनेक गाभे एकत्र बांधतात. लायब्ररी जागी झाली की आधी चिपेला विचारते, तू कोण? मग ऑपरेटिंग सिस्टिमला विचारते, तुला हिची रुंद रजिस्टरं सांभाळता येतात का? दोघांचं जमत नसेल तर ती एक ओळ छापते: तुमची सिस्टिम एव्हीएक्सला पाठिंबा देत नाही, म्हणून इंटेलच्या जुन्या नेहॅलेम चिपेचे गाभे वापरते आहे, वेग कमी मिळेल. आभासी यंत्रांवर काम करणाऱ्यांना ही ओळ अधूनमधून भेटते. खाली चिप नवीकोरी असते, पण मधला थर तिचे गुण झाकून ठेवतो. लोक लायब्ररीला नावं ठेवतात. लायब्ररीनं मात्र कोसळण्यापेक्षा हळू चालणं पसंत केलेलं असतं.

सांभाळणाऱ्याच्या वाट्याला काय येतं, हे 2020 सालच्या एका प्रकरणात छान दिसलं. विंडोज 10ची 2004 क्रमांकाची आवृत्ती मे महिन्यात आली आणि त्यानंतर पायथनच्या नमपाय लायब्ररीतून विचित्र तक्रारी येऊ लागल्या. कालपर्यंत बरोबर सुटणारं मॅट्रिक्सचं गणित अचानक ‘उत्तर सापडलं नाही’ म्हणू लागलं. नमपायच्या तयार पॅकेजमध्ये गुणाकार ओपनब्लास करते, त्यामुळे बोट तिच्याकडे. शोधता शोधता धागा निघाला तो विंडोजच्या ‘एफमॉड’ या शेष काढणाऱ्या साध्या फंक्शनपाशी. काही आकड्यांवर ते चाललं, की चिपेतल्या एक्स87 या जुन्या गणिती भागात कचरा ठेवून जायचं. ओपनब्लासमधलं सदिशाची लांबी काढणारं काम अजून त्याच जुन्या भागात चालत होतं, आणि त्यालाही कारण होतं. तिथं ऐंशी बिटांची रजिस्टरं आहेत. फार मोठ्या आकड्याचा वर्ग केला तरी तो मर्यादेबाहेर जात नाही. म्हणजे एकाचा कचरा, दुसऱ्याची शहाणी जुनी युक्ती आणि खापर तिसऱ्याच्या डोक्यावर.

ओपनब्लासच्या 0.3.12 आवृत्तीनं यावर उपाय होईल, या आशेवर ती नमपायच्या 1.19.3मध्ये घातली. तेव्हा काही डॉकर वातावरणांत नवीच भानगड उपटली. काही दिवसांतच, नोव्हेंबरच्या सुरुवातीला, 1.19.4 आली: जुनी ओपनब्लास परत आणि सोबत एक छोटी चाचणी. 0 ते 168 हे आकडे तेरा बाय तेराच्या चौकटीत मांडायचे, प्रत्येकाला 17नं भागून शेष ठेवायचा आणि त्या मॅट्रिक्सची आयगेन मूल्यं काढून पाहायची. ती बिनसली, तर विंडोजमध्ये दोष आहे असं स्पष्ट सांगून नमपाय सुरूच व्हायचं नाही. चुकीचं उत्तर देण्यापेक्षा काम नाकारलेलं बरं, हा निर्णय घेणं सोपं नसतं. शिव्या नाकारणाऱ्यालाच बसतात. विंडोजची दुरुस्ती 2021च्या सुरुवातीला आली.

हाताने लिहिलेल्या गाभ्यांचा हा मार्ग गुणाकारासारख्या ठरीव कामांना चालतो. पण शास्त्रज्ञाचं स्वतःचं, कुठल्याच यादीत नसलेलं लूप असेल तर? अमेरिकेच्या सँडिया प्रयोगशाळेत 2011च्या सुमारास सुरू झालेली ‘कोकोस’ ही सी++ लायब्ररी त्याचं उत्तर देते. तिथं लूप कसं चालवायचं आणि आकडे मेमरीत कसे मांडायचे, हे दोन्ही लायब्ररीच्या हाती सोपवतात. दुसरी गोष्ट वरवर क्षुल्लक वाटते, पण खरी मेख तिथंच आहे. साध्या प्रोसेसरवर एका धाग्याला सलग आकडे मिळाले तर वेग येतो. जीपीयूवर शेजारी-शेजारी चालणाऱ्या धाग्यांना शेजारचे पत्ते मिळाले तर येतो. म्हणजे तोच तक्ता एकीकडे ओळींनी मांडायचा, दुसरीकडे स्तंभांनी. कोकोसमध्ये प्रोग्राम तोच राहतो, मांडणी मात्र कंपाइल करताना यंत्राप्रमाणे ठरते. अमेरिकेनं ‘समिट’ एनव्हिडियावर, ‘फ्रंटियर’ एएमडीवर आणि ‘ऑरोरा’ इंटेलच्या जीपीयूवर बांधला, तिन्हींची भाषा वेगळी. रेणूंचं गणित करणाऱ्या ‘लॅम्प्स’सारख्या प्रोग्रामनं तीन वेळा जन्म घेतला नाही, त्याचं श्रेय या थराचं. बहुमिती तक्त्याची ही कल्पना पुढे सी++23 या मानकात ‘एमडीस्पॅन’ नावानं दाखल झाली.

फुकट काही मिळत नाही. कोकोस 4.0नं 2023 साली सी++17ची अट घातली, तेव्हा जुने कंपाइलर धरून बसलेल्यांना हलावं लागलं. आणि हाताने घासलेल्या गाभ्याचा शेवटचा थेंब वेग असा सामान्य थर प्रत्येक वेळी पिळून काढेल, ही अपेक्षाही अवाजवी आहे.

सांभाळणाऱ्यांकडे येणाऱ्या काही तक्रारींत तर दोषच नसतो. दोन यंत्रांवर शेवटचे एक-दोन अंक वेगळे येतात, कारण बेरजांचा क्रम बदलला की राउंडिंग बदलतं. कुणी सोळा प्रोसेस उघडतो, त्यातली प्रत्येक सोळा धागे काढते आणि 256 धागे सोळा कोरवर एकमेकांच्या पायात पाय घालतात. तक्रार येते ‘लायब्ररी संथ आहे’. प्रत्येकाला तेच उत्तर, तितक्याच शांतपणे द्यावं लागतं.

पैशाचं बोलायचं तर कोकोसमागे सरकारी प्रयोगशाळा होती, आणि 2024 पासून ती लिनक्स फाउंडेशनच्या छत्राखालच्या एचपीएसएफ या संस्थेत आहे. ओपनब्लास मोजक्या माणसांच्या जिवावर चालत आली. 2019 साली चॅन झकरबर्ग इनिशिएटिव्हनं नमपायसोबत तिला अनुदान दिलं, पुढे जर्मनीच्या सॉव्हरिन टेक फंडानंही दिलं. वापरणाऱ्यांचा पसारा पाहता हे फारच कमी आहे.

पुण्या-मुंबईच्या कॉलेजांतून नमपाय वापरणाऱ्या मुलांनी एवढं तरी करावं: नमपायची ‘शो कॉन्फिग’ आज्ञा चालवून आपल्या संगणकावर खाली कोण राबतंय ते पाहावं. दोष सापडला, तर चिपेचं नेमकं नाव, लायब्ररीची आवृत्ती, कंपाइलर आणि दहा-वीस ओळींत दोष दाखवणारा प्रोग्राम जोडून कळवावा. आणि कुणाच्या प्रयोगशाळेत आरआयएससी-व्हीचा एखादा बोर्ड पडून असेल, तर त्यावर चाचण्या चालवून निकाल पाठवावेत; सांभाळणाऱ्यांपाशी प्रत्येक चिप नसते.