पँगाँगच्या वाटेवरील फिया

लेहहून पँगाँगकडे निघालात की ५,३०० मीटरांहून उंच असलेली चांग ला खिंड ओलांडावी लागते. खिंड उतरल्यावर ओलसर कुरणांत गुबगुबीत, सोनेरी-तपकिरी प्राणी मागच्या पायांवर उभे राहून आपणांस न्याहाळताना दिसतील. हे हिमालयीन मार्मोट. लडाखी लोक त्यांना फिया म्हणतात. पर्यटक हौसेने त्यांना बिस्किटे चारतात. आपण ते टाळावे. त्यांची चरबी गवतावर वाढलेलीच बरी.

ही चरबी म्हणजे त्यांची हिवाळ्याची शिदोरी. थंडी पडू लागली की सारे कुटुंब खोल बिळात शिरते, तोंड माती-दगडांनी बुजवते आणि सहा महिने वा त्याहून अधिक काळ एकमेकांना बिलगून निजते. ही साधी झोप नव्हे. शरीराचे तापमान बिळाच्या तापमानाकडे उतरू लागते, हृदय मिनिटाला मोजकेच ठोके देते आणि श्वास अत्यंत विरळ होतो. चयापचयच नेहमीच्या दशांशाहून कमी झाल्यावर प्राणवायू तरी किती लागणार! अधूनमधून जाग येते, तेव्हा तपकिरी मेद जळून, हालचालीवाचूनही, देह पुन्हा तापतो.

असाच मेद मानवी तान्ह्या बाळाजवळ असतो. वयोमानाने मात्र तो घटतो. स्नायू रोडावल्याने हुडहुडीतून मिळणारी ऊबही कमी पडते, त्वचेच्या रक्तवाहिन्या चटकन आकुंचन पावत नाहीत आणि गारठ्याची जाणीवही मंदावते. म्हणून लडाखच्या सहलीत आजोबा 'मला थंडी वाजत नाही' म्हणाले, तरी तेवढ्यावर विसंबू नये. त्यांच्या पोटाला हात लावून पाहावा. पोट गार लागले, बोलणे अडखळू लागले, पाऊल डगमगू लागले वा अवेळी गुंगी आली, तर तो प्रवासाचा शीण समजून त्यांना निजू देऊ नये. फियाचे थंडावणे हा निसर्गाचा बेत आहे. माणसाचे तापमान ३५ अंश सेल्सिअसखाली जाणे हा प्राणसंकटाचा प्रसंग होय. पाऱ्याचा घरगुती तापमापक त्याखाली सहसा दाखवीतच नाही. कोरडे कपडे व पांघरुणे द्यावीत, हातपाय चोळू नयेत, मद्य तर मुळीच पाजू नये. उंचीच्या विकारातही अशीच लक्षणे दिसतात. तेव्हा डॉक्टरांना गाठण्यात विलंब नको.

लेह स्वतःच सुमारे ३,५०० मीटरांवर आहे. तेथे निदान दोन दिवस विसावल्याशिवाय खिंडीकडे निघू नये. दम्याच्या रुग्णांनी नाकावरून मफलर गुंडाळावा, म्हणजे छातीत जाणारी हवा थोडी उबदार व दमट होते.