भावकाची पेन्सिल

कविता रचणाऱ्याची शक्ती आणि ती कविता ऐकून तिच्यात नेमके काय घडले हे ओळखणाऱ्याची शक्ती या दोन निरनिराळ्या प्रतिभा आहेत, असे राजशेखराने दहाव्या शतकाच्या सुमारास ‘काव्यमीमांसे’त सांगितले, आणि पहिलीला ‘कारयित्री’, म्हणजे निर्माण करणारी, तर दुसरीला ‘भावयित्री’, म्हणजे आस्वाद घेत पारखणारी, अशी नावे दिली. ज्याच्या पणजोबांना ‘महाराष्ट्रचूडामणी’ म्हणून गौरवले जाई अशा या शास्त्रकाराने श्रोत्याला, म्हणजे त्याच्या भाषेत ‘भावका’ला, कवीच्या बरोबरीचे आसन दिले आणि त्याचे चार प्रकारही सांगितले. ज्याला काहीच रुचत नाही तो अरोचकी, गवतासकट सगळेच गिळणारा तो सतृणाभ्यवहारी, दुसऱ्याचे चांगले दिसत असूनही न बोलणारा तो मत्सरी, आणि रचनेच्या गाभ्याशी जाऊन भिडणारा तो तत्त्वाभिनिवेशी, जो हजारांत एखादाच सापडतो. मुलुंडच्या एखाद्या वाचनालयात किंवा बोरिवलीच्या एखाद्या दिवाणखान्यात महिन्यातून एकदा दहाबारा माणसे आपापल्या वह्या घेऊन जमतात आणि एकमेकांच्या कविता व गोष्टी ऐकतात, तेव्हा त्या बैठकीचे भवितव्य तिथे किती कवी आहेत यापेक्षा तिथे एक तरी चौथ्या प्रकारचा भावक घडतो आहे का, यावर ठरते.

यासाठी दाद आणि अभिप्राय यांतला भेद स्पष्ट ठेवावा लागतो. दाद ही तत्काळ उमटणारी, शरीराची प्रतिक्रिया आहे. ‘वा’, ‘पुन्हा एकदा’, मान हलणे, श्वास रोखला जाणे हे सारे तिच्यात येते, आणि ती खरी असेल तर तिच्याइतकी मोलाची पावती दुसरी नाही. अभिप्राय मात्र उशिरा येतो, त्याला शब्द शोधावे लागतात, आणि ‘कविता चांगली आहे’ यापेक्षा ‘ती ऐकणाऱ्याच्या मनात कुठून कुठे गेली’ हे त्याला सांगायचे असते. उपनगरांतल्या बैठकींत दाद भरपूर आणि मोकळी असते, अभिप्राय दुर्मीळ असतो. याचे कारण रसिकतेचा अभाव हे नसून भिडस्तपणा हे आहे, कारण ज्यांच्यासमोर बोलायचे ती माणसे त्याच गल्लीतली, त्याच शाळेतल्या पालकसभेतली, त्याच गणेशोत्सव मंडळातली असतात. ‘छान आहे’ या दोन शब्दांनी कुणी दुखावत नाही, पण कवीच्या हाती काही लागतही नाही, आणि वर्षभर केवळ एवढेच ऐकत राहिलेला नवा कवी वर्षाखेरीस जिथे होता तिथेच राहतो. ही हानी हळूहळू होते म्हणून ती दिसत नाही, एवढेच.

मराठीत हा व्यवहार नवा नाही. पुण्यात १९२३ मध्ये स्थापन झालेले रविकिरण मंडळ मुळात रविवारी चहाला जमणाऱ्या काही कविमित्रांचे होते. माधव जूलियन, यशवंत, गिरीश, श्रीधर आणि मनोरमा रानडे ही मंडळी तिथे आपल्या कविता परस्परांसमोर ठेवत. पुढे मंडळातल्या कवींनी जाहीर काव्यगायनाची प्रथा लोकप्रिय केली, आणि इथे एक गोष्ट नोंदवण्याजोगी आहे: गळा गोड असेल तर रचनेतला खड्डा सुरात बुजून जातो, आणि टाळी कवितेला की चालीला हे सांगता येत नाही. मंडळाच्या लकबींना सर्वांत तीक्ष्ण प्रतिसाद मिळाला तो बाहेरून, १९२५ साली ‘केशवकुमार’ या नावाने प्र. के. अत्रे यांनी प्रसिद्ध केलेल्या ‘झेंडूची फुले’ या विडंबनसंग्रहातून. विडंबन हासुद्धा अभिप्रायच असतो, कारण ते करणाऱ्याला मूळ रचनेची वळणे कवीइतकीच आत्मसात करावी लागतात. मात्र ज्याच्याबद्दल आस्था आहे अशा नवोदितासमोर ते शस्त्र काढू नये.

दुसरी परंपरा पत्रांची. गिरगावातल्या खटाववाडीतून निघणाऱ्या ‘सत्यकथा’ मासिकाचे संपादक श्री. पु. भागवत आणि राम पटवर्धन यांनी कथालेखकांना व कवींना सविस्तर पत्रे लिहून पुनर्लेखन सुचवण्याची जी पद्धत जोपासली, तिने मराठी कथेचा पोत बदलला. ‘साभार परत’ हे दोन शब्द पिढ्यान्‌पिढ्या लेखकांच्या उरात धडकी भरवत राहिले हे खरे, तरीही परत आलेल्या हस्तलिखितासोबत कथा कोणत्या परिच्छेदात सैल पडली हे सांगणारे पत्र असेल तर ते नुसत्या स्वीकृतीपेक्षा अधिक देऊन जाई. या पद्धतीत उणे होते ते समतेचे, कारण पत्र नेहमी वरून खाली जात होते. १९६९ मध्ये लघुअनियतकालिकांच्या चळवळीतल्या तरुण लेखकांनी ‘सत्यकथे’च्या अंकाची होळी केली, तिच्यामागे जे अनेक संताप होते त्यांत हाही होता असे मानायला जागा आहे. ‘सत्यकथा’ १९८२ मध्ये बंद पडली. त्यानंतर तेवढ्या बारकाईने वाचून कळवण्याची जबाबदारी कुणा एका संपादकाची उरली नाही, ती समानांच्या छोट्या गटांवर येऊन पडली, आणि त्या गटांनी ती अजून पुरती उचललेली नाही.

तिसरी परंपरा तर उपनगराच्या मातीतलीच आहे. अण्णा भाऊ साठे यांचे अनेक वर्षांचे वास्तव्य घाटकोपरच्या चिरागनगर झोपडपट्टीत होते, आणि ‘फकिरा’सारखी कादंबरी लिहिणाऱ्या या लेखकाची पहिली जडणघडण झाली ती अमर शेख आणि द. ना. गवाणकर यांच्यासह १९४४ मध्ये उभ्या केलेल्या लाल बावटा कलापथकात. कलापथकाचा श्रोता म्हणजे पाळी संपवून आलेला कामगार. त्याला कंटाळा आला तर तो उठून जातो, आणि ओळ पटली तर ती दुसऱ्या दिवशी कारखान्यात गुणगुणतो. शाहिराला म्हणून कुणी अभिप्राय लिहून द्यावा लागत नाही. कोणत्या कडव्याला माणसे चुळबुळली आणि कोणत्या कडव्याला स्तब्ध झाली हे त्याला डफाच्या ठेक्यावरच कळते. वहीतून वाचणाऱ्या कवीने शाहिराकडून घ्यावे ते हेच, की वाचताना नजर कागदात न बुडवता समोरच्या चेहऱ्यांवर ठेवावी.

बैठकीच्या रचनेवर उपनगरांच्या भूगोलाचाही हात असतो. ८ जून २०१४ रोजी वर्सोवा–अंधेरी–घाटकोपर मेट्रो सुरू होईपर्यंत पश्चिम रेल्वेवरच्या अंधेरीकराला मध्य रेल्वेवरच्या घाटकोपरला जायचे तर दादरला गाडी बदलावी लागे, नाही तर ३४० क्रमांकाच्या बेस्ट बसमधून साकीनाक्याची कोंडी सोसावी लागे. त्यामुळे दोन्ही मार्गांवरचे लिहिणारे एकमेकांना नावाने ओळखत, आवाजाने नव्हे. आजही परतीची गाडी चर्चेची लांबी ठरवते. दहा जणांनी प्रत्येकी दोन कविता वाचल्या तर बोलायला वेळच उरत नाही. म्हणून एका संध्याकाळी तीनच रचना घ्याव्यात, उरलेल्यांनी केवळ ऐकावे, हा नियम कठोर वाटला तरी फलदायी ठरतो.

या तीन रचनांसाठी एक साधी पद्धत उपयोगी पडते: कवीने आपली कविता स्वतः न वाचता दुसऱ्याच्या हाती द्यावी आणि तिने किंवा त्याने ती पूर्वतयारीशिवाय मोठ्याने वाचावी, तर बाकीच्यांनी समोरच्या प्रतीवर, जिथे वाचणारा अडखळला किंवा आपले लक्ष सुटले, तिथे पेन्सिलीने खूण करावी. स्वतःच्या आवाजात कवी वृत्तातली तुटलेली मात्रा नकळत ओढून पुरी करतो. परक्या जिभेला ती सोय नसते. गझलेत तर ही चाचणी निर्णायक ठरते, कारण तिथे काफिया म्हणजे बदलते यमक, रदीफ म्हणजे त्यामागून जसाच्या तसा परतणारा शब्द, आणि अलामत म्हणजे यमकातल्या अचल अक्षरांआधीचा स्थिर स्वर, यांपैकी काही ढळले की ते ऐकताच टोचते. उर्दूत उस्तादाने शिष्याची रचना सुधारून देण्याला ‘इस्लाह’ म्हणतात, आणि सुरेश भटांनी ‘गझलेची बाराखडी’ लिहून मराठीत या शिस्तीची वाट अनेकांसाठी खुली केली. मुक्तछंदाला अशी बाराखडी नसल्यामुळे तिथे भावकाचे काम अधिक अवघड होते.

समजा, मुलुंडच्या मिठागरावर राबणाऱ्या म्हाताऱ्यावर एक मुक्तछंदातली कविता आहे. तिसऱ्या कडव्यात त्याच्या टाचेच्या भेगेत मिठाचा खडा अडकतो, आणि चौथ्या कडव्यात कवी श्रमांच्या शोषणाविषयी चार ओळी लिहितो. अरोचकी म्हणेल, विषय जुना आहे. सतृणाभ्यवहारी म्हणेल, डोळ्यांत पाणी आले. तत्त्वाभिनिवेशी एवढेच म्हणेल, ‘माझ्यासाठी कविता तिसऱ्या कडव्यातच संपली.’ या वाक्यात निवाडा नाही, सल्ला नाही, केवळ एका ऐकणाऱ्याच्या मनातली घटना आहे, आणि म्हणून कवीला ती नाकारता येत नाही.

कथेचे गणित निराळे, कारण वीस मिनिटांची गोष्ट ऐकताना स्मरणच मुख्य पारखी असते. वाचन संपल्यावर एकाने ती गोष्ट तीन वाक्यांत परत सांगावी. ज्या पात्राचा त्यात उल्लेखही आला नाही ते पात्र लेखकाच्या मनात उभे असले तरी कागदावर उतरलेले नसते. संवादांकडे तर विशेष लक्ष हवे, कारण अंधेरीच्या चाळीत वाढलेली, घरात मालवणी आणि बाजारात हिंदी बोलणारी बाई कथेत शिरली की पाठ्यपुस्तकी मराठी बोलू लागते, आणि हा दोष लेखकाला जवळजवळ कधीच ऐकू येत नाही.

या साऱ्या वेळात कवीने किंवा लेखकाने गप्प राहावे, ही अट पाळणे सर्वांत कठीण जाते. ‘मला तिथे असे म्हणायचे होते’ हे वाक्य उच्चारले गेले की ऐकणारे कवितेऐवजी कवीचा हेतू ऐकू लागतात. राजशेखराने कवीच्या दिनक्रमात दुसरा प्रहर रचनेसाठी आणि चौथा प्रहर त्याच रचनेच्या परीक्षणासाठी ठेवला, तो यासाठी की रसाच्या आवेगात लिहिणाऱ्याला विवेकाची नजर नसते. मग एकट्याने किंवा मोजक्या जाणत्यांसह बसून अधिक असेल ते टाकावे, उणे असेल ते भरावे, चुकीच्या जागी असेल ते हलवावे, विसरले असेल ते आठवावे. नोकरी करणाऱ्या कवीचा चौथा प्रहर बहुधा परतीच्या लोकलमध्ये उगवतो, जेव्हा खुणा केलेल्या आठनऊ प्रती त्याच्या पिशवीत असतात. त्या एकमेकींवर ठेवून पाहिल्या की एक गोष्ट उमगते: खुणा विखुरलेल्या असतील तिथे केवळ रुचींचा फरक असतो आणि ती ओळ निर्धास्त ठेवता येते, पण पाच पेन्सिली एकाच शब्दाशी थांबल्या असतील तर तिथे काहीतरी मोडलेले असते, मग त्या पाचांनी सुचवलेले पाचही उपाय चुकीचे का असेनात. पुढच्या महिन्यात तीच कविता पुन्हा वाटली जाते. पाचांपैकी कुणाचाही शब्द तिच्यात घेतलेला नसतो, त्या जागी एक सहावाच आलेला असतो, आणि वाचणारी व्यक्ती तिथून न अडखळता पुढे निघून जाते.