चिखलातलं चाक

गेल्या डिसेंबरात आम्ही दोघं डेनव्हरला मुलाकडे होतो. रात्रभर बर्फ पडलेला. सकाळी बाहेर पडायचं तर गाडीची उजवी दोन्ही चाकं कडेच्या बर्फात रुतलेली. मी विचारलं, "उतरून ढकलू का?" मुलगा नुसता हसला. उजवी चाकं क्षणभर भिरभिरली, खालून कुरकुर असा आवाज आला आणि गाडी सरळ रस्त्यावर! हिने माझ्याकडे पाहिलं. दोघांनाही एकच रात्र आठवली होती.

जुलै १९७९. राजापूरजवळच्या एका खेड्यात मी शिक्षक होतो. रात्री हिला कळा सुरू झाल्या. एका ठेकेदाराची फोर-व्हील जीप मिळाली, म्हणून मी निर्धास्त. वाटेत डावी दोन्ही चाकं कडेच्या चिखलात उतरली. ड्रायव्हरने पुढच्या चाकांचा दांडा टाकला. चिखलातली दोन्ही चाकं गरगरत होती आणि घट्ट जांभ्यावरची उजवी दोन्ही ढिम्म! असं का, हे कोडं मला पुढे पंचेचाळीस वर्षं पडलेलं होतं.

त्या संध्याकाळी मुलाने कागदावर आकृती काढली. वळणावर बाहेरचं चाक आतल्यापेक्षा जास्त अंतर कापतं, म्हणून दोघांच्या मध्ये डिफरन्शियल असतं. ते चाकांना वेगवेगळ्या गतीने फिरू देतं, पण जोर दोघांना सारखाच देतं. गोम इथेच आहे, मंडळी! चिखलातल्या चाकाला फिरायला जेमतेम जोर लागतो. मग पलीकडच्याच्या वाट्यालाही तेवढाच जेमतेम. जीपचा दांडा पुढच्या चाकांना मागच्यांशी जोडून देई, पण डाव्या-उजव्यांचं काय?

मुलाच्या सुबारूत पुढच्या-मागच्या चाकांमधली वाटणी तेलाच्या दाबाने आवळला जाणारा, अनेक चकत्यांचा क्लच करतो. शिवाय प्रत्येक चाकापाशी वेग मोजणारा सेन्सर. एखादं चाक भिरभिरलं, की संगणक फक्त त्यालाच ब्रेक लावतो. त्याला विरोध मिळाला, की पलीकडच्यालाही जोर मिळतो. ती कुरकुर त्या ब्रेकची. (सूनबाईंची पुस्ती: हे सगळं निघण्यापुरतं. बर्फावर थांबायला ही गाडी इतरांसारखीच घसरते!)

वाडीतली चार माणसं त्या रात्री कंदील घेऊन धावत आली होती. त्यांनी डाव्या चाकांखाली झावळ्या, गोणपाट, दगड कोंबले. आज कळतं, संगणक करतो तेच ते हातांनी करत होते. चिखलातल्या चाकाला अडायला काहीतरी मिळालं, तेव्हाच जांभ्यावरचं चाक हललं. यात पाऊण तास गेला. आत ही ओठ आवळून बसलेली. दवाखान्यात पोचलो आणि तासाभरात मुलगा झाला. त्या चौघांतल्या एकाचंही नाव मी विचारलं नव्हतं.

"म्हणजे मीपण होतो जीपमध्ये!" मुलगा म्हणाला.

"होतास तर," ही म्हणाली. "आणि तुझे बाबा मला विचारत होते, उतरून ढकलू का म्हणून."